राखून ठेवलेलं घर

"काका, तेवढी पुस्तकं बाजूला घ्या ना. खोली लहान दिसते," शेडगे मॅडम म्हणाल्या.

मी टेबलावरची पुस्तकं उचलून खुर्चीवर ठेवली. खुर्चीही फोनमध्ये येतेय म्हटल्यावर पुस्तकं छातीशी धरून दाराआड उभा राहिलो. शेडगे मॅडम घरांची एजंटगिरी करायच्या; पस्तिशीच्या, चालणं भराभर, बोलणं त्याहून भराभर. फोन आडवा धरून त्यांनी स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत एक फेरी मारली. माझ्या बायकोच्या, शरयूच्या पलंगापाशी येऊन थांबल्या.

"काकू, तुम्हाला नाही घेत मी. नुसती खिडकी घेते."

शरयूने डावा हात हलवून 'घे, घे' अशी खूण केली आणि अर्ध्या तोंडाने हसली. उजवा हात पांघरुणावर होता तसाच राहिला.

सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील.

"गिऱ्हाईक बघायला कधी येईल?" मी विचारलं.

"येईल कशाला? आता घर दाखवत नाहीत काका, पाठवतात. पाठवलं मी."

मी चहा टाकला. तो उकळेपर्यंत त्यांचा फोन तीनदा वाजला. तिसऱ्या फोनवर पुण्यातलं एक जोडपं होतं. दोघंही नोकरीतली, साताऱ्यात आपलं एक घर असावं अशी हौस. बाल्कनीतून किल्ला दिसतो का, एवढंच त्यांनी विचारलं. शेडगे मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. अजिंक्यतारा दिसत होता, ते खरंच होतं. मी कपात चहा गाळला तेवढ्यात टोकन माझ्या खात्यात येऊन पडलंसुद्धा.

"अभिनंदन काका. दीड महिन्यात ताबा द्यायचा."

"एवढ्यात?"

"विकायचं होतं ना तुम्हाला?"

विकायचं होतंच. पण मला वाटलं होतं, वर्ष तरी लागेल. तोवर आपण निवांत दुसरं घर शोधू.

हाच फ्लॅट मी शहाऐंशी साली ताम्हनकर नावाच्या गृहस्थांकडून घेतला, तेव्हा आठ महिने लागले होते. माझ्या वडिलांचं सांगणं होतं की घर तीनदा बघावं. एकदा सकाळी, एकदा भर दुपारी आणि एकदा दिवेलागणीला. मी ते नऊ-दहा वेळा पाहिलं. ताम्हनकर एकदा सहकुटुंब आमच्या भाड्याच्या खोलीवर आले. त्यांच्या बायकोने शरयूचं स्वयंपाकघर न्याहाळलं आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, माणसं नीटनेटकी आहेत. पुढे भाद्रपदात त्यांनी मला मुद्दाम बोलावून छताचा गळका कोपरा दाखवला. "नंतर म्हणाल, सांगितलं नाही." मधल्या काळात दोन गिऱ्हाइकं आली. ताम्हनकरांनी त्यांना बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं, कारण त्यांनी मला शब्द दिला होता. आणि मी तर अजून 'हो' म्हटलंही नव्हतं. त्या काळी माझ्या स्वभावाला लोक विचारीपणा म्हणत.

घर विकायचं कारण चोपन्न पायऱ्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आदल्या वर्षी श्रावणात शरयूला झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्यातून शेजारच्या चौघांनी तिला खुर्चीत बसवून वर आणलं, त्यानंतर ती खाली उतरली नव्हती. काठी धरून या खोलीतून त्या खोलीत जायची. डॉक्टर म्हणाले, बाहेर उघड्यावर, सपाटीला चालल्या तर पाय सुधारेल. पण फार महिने घालवू नका. तिचे शब्द एकेक करून परत यायला लागले, तेव्हा माझ्या नावाच्याही आधी जो शब्द आला तो 'खाली'.

बोलणं शिकवायला एक मुलगी यायची. तिने मला बजावलं होतं, "सर, काकूंचा शब्द त्यांच्याच तोंडून येऊ दे. तुम्ही पुरा करून द्यायचा नाही. कितीही वेळ लागू दे, थांबायचं." थांबणं मला छान जमत होतं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात बत्तीस वर्षं काढली. जन्मभर दुसऱ्यांच्या हातातली पुस्तकं परत येण्याची वाट पाहण्याचंच काम केलं.

तर दीड महिना. मी तळमजल्याची घरं पाहायला लागलो. शरयूला नेता येत नव्हतं म्हणून प्रत्येक घराचं एक कार्ड करायचो, ग्रंथालयात पुस्तकाचं करायचो तसं. दाराची दिशा, उंबऱ्याची उंची, पाणी किती वाजता, न्हाणीघराच्या दाराची रुंदी. संध्याकाळी तिच्या पलंगाशी बसून वाचून दाखवायचो.

सदर बझारमधलं पहिलं घर सकाळी पाहिलं आणि दुपारी परत येतो म्हणालो. दुपारी शेडगे मॅडम म्हणाल्या, "ते गेलं काका."

दुसऱ्या घराच्या शेजारणीला मी पाण्याचं विचारायला गेलो. ती सविस्तर सांगत होती. मागे वळलो तर शेडगे मॅडम फोनकडे बघत उभ्या. "राहू दे. घेतलं एकाने."

"आत्ता? आपण इथे असताना?"

"तो दुबईत आहे."

तिसरं घर पाहायला मी चपला घालत होतो, तेवढ्यात ते गेल्याचा निरोप आला. त्या दिवशी शेडगे मॅडम पायऱ्यांवरच बसल्या. मला वाटलं, रागावतील. पण त्यांचा आवाज मऊ होता.

"काका, तुम्ही घर वाचत बसता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आता लोक नुसतं नाव बघतात आणि घेऊन टाकतात."

"आणि मग आवडलं नाही तर?"

"तर पाठवतात पुढे."

महिना संपत आला आणि मला निकमबाई भेटल्या. वाण्याच्या दुकानात भिंतीला वहीचा कागद चिकटवलेला होता. 'गोडोलीत तळमजल्याचं घर देणे आहे. समक्ष भेटावे.' हातचं अक्षर. 'समक्ष' हा शब्द वाचूनच मला धीर आला.

कमल निकम सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. एकट्या राहायच्या. मुलगा अभिजित बंगळूरला, तो त्यांना तिकडे घेऊन चालला होता म्हणून विकायचं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे परसात धुण्याचा दगड आणि एक सीताफळाचं झाड. परसात फरशी नव्हती, माती होती. नुकतंच झाडून पाणी शिंपडलेलं.

मी शरयूबद्दल सांगितलं. त्यांनी न विचारताच न्हाणीघराचं दार उघडून दाखवलं. "इथे भिंतीला दांडा बसवून घ्या. मी सांगते तेवढ्या उंचीवर. उजवी बाजू ना? मग डाव्या हाताला."

मी तीनदा गेलो. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. तिसऱ्या वेळी त्यांनी पिठलं-भाकरी खाऊ घातली.

"मग सर? पसंत आहे का?"

"पसंत आहे," मी म्हणालो. "पण उद्यापासून पक्ष सुरू होतोय."

"हो की. पक्षात मीही काही करायची नाही. पंधरा दिवसांनी या, घटस्थापनेला. पेढे घेऊन."

"तोवर कोणी दुसरं आलं तर?"

"पक्षात कोण घर घेतंय सर? तुमच्यासाठी राखून ठेवते."

'राखून ठेवते' म्हटल्यावर माझा हात आपोआप खिशाकडे गेला. ग्रंथालयात कोणी पुस्तक मागून ठेवलं की आम्ही त्यात चिठ्ठी घालायचो. राखीव, नाव, पंधरा दिवस. ती चिठ्ठी असलेलं पुस्तक प्राचार्यांनाही मिळायचं नाही. मी तशीच चिठ्ठी लिहून त्यांना दिली, खाली फोन नंबर घातला. त्या हसल्या. पण कपाटाच्या दाराला माझ्यादेखत चिकटवली.

त्या संध्याकाळी कार्ड वाचताना मी 'मागे परस, मातीचा' इथे पोचलो तेव्हा शरयूने हात पुढे केला. मी कार्ड दिलं. ते तिने परत दिलं नाही. उशीखाली ठेवलं.

शेडगे मॅडमना मी सगळं सांगितलं.

"टोकन दिलं का?"

"पक्ष आहे ना."

"काका, फोनला पक्ष नसतो हो. आज द्या. हवं तर तुमच्या वतीने मी जाते."

"बाईंनी शब्द दिलाय."

"बाईंनी दिलाय. मुलाने दिलाय का?"

मी त्यावर विचार करतो म्हणालो.

पंधरवड्यातली ती एकादशी होती. सकाळचे अकरा वाजत आले होते. मी शरयूचा पाय चोळून देत होतो. फोन वाजला. निकमबाई धापा टाकत बोलत होत्या, जिना चढून आल्यासारख्या.

"सर, ऐका. अभिजितने घर फोनवर टाकलं होतं, मला न सांगता. मुंबईची पार्टी आहे. आत्ता पैसे टाकतो म्हणतात. मी अभिजितला म्हटलं, माझा शब्द गेलाय. तो म्हणतो, शब्द गेलाय तर त्यांना हो म्हणू दे. दहा मिनिटं देतोय. त्याचा फोन मी दुसऱ्या कानाला लावलाय."

"पण अमावास्येपर्यंत..."

"पक्षाचं राहू द्या. दोष लागला तर मला लागेल. टोकन उद्या द्या, परवा द्या. आत्ता फक्त हो म्हणा. एवढा एकच शब्द."

"शरयूला विचारतो," मी म्हणालो.

"विचारा. मी धरते."

मी फोन पलंगावर ठेवला, चालूच. शरयूला सांगितलं. सांगायला दीड-दोन मिनिटं गेली असतील. मग म्हणालो, "घ्यायचं का?"

तिने तोंड उघडलं. ओठ जुळवले. शब्द येत नसला की तिच्या मानेची शीर ताठ व्हायची. डावा हात उशीच्या बाजूला चाचपडायला लागला. मी थांबलो. मला तसंच शिकवलं होतं. फोनमधून निकमबाईंचा बारीक आवाज येत होता, "सर... सर..." आणि त्यामागे आणखी एक आवाज, पुरुषाचा, शांत, घाई करणारा. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला दिसत होता. शरयूच्या कपाळावर घाम आला. पुन्हा ओठ जुळले, पुन्हा सुटले.

"घ..." ती म्हणाली. "घ..."

मी थांबलो.

"घ्या," ती म्हणाली.

मी फोन उचलला. "बाई, घेतो. हो म्हणते ती."

मग निकमबाई म्हणाल्या, "सर, गेलं हो. मिनिट झालं."

"काही करता येणार नाही का?"

"त्याने पैसे घेतले. मी ओरडले त्याच्यावर. काय उपयोग." मग म्हणाल्या, "चिठ्ठी अजून तशीच आहे कपाटाला. काढवत नाही मला."

मी शरयूला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, तिने तोंड खिडकीकडे वळवलं होतं.

नंतरचे दिवस मी वेड्यासारखे काढले. स्वभावाच्या विरुद्ध जाऊन दिवसाला पाच-पाच घरांना न बघताच हो म्हणालो. कुठे माझ्याआधी कोणी हो म्हटलेलं असायचं, कुठे मालक नुसताच भाव काढत असायचा. पुण्याच्या जोडप्याला मुदत वाढवून मागितली. फोनवर तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "अंकल, आम्ही ते भाड्याने दिलंय ऑलरेडी. सोळा तारखेला ते लोक येतायत." आमच्या घरात आम्ही असतानाच तिसरं कोणीतरी राहायला येऊ घातलं होतं. भाड्याने तरी तळमजला मिळेल म्हणून मी पेठांमधून पायी फिरलो, बेल वाजवून अनोळखी माणसांना विचारलं. जन्मात कधी केलं नव्हतं ते. एका बाईने मला वर्गणी मागणारा समजून दार लावून घेतलं.

शेवटी शेडगे मॅडमनीच एक भाड्याची जागा बघून दिली. दुसरा मजला.

"अठरा पायऱ्या तरी कमी झाल्या काका," त्या म्हणाल्या, आणि बोलल्यावर त्यांनाच कसंसं झालं. दलाली घेतली नाही त्यांनी.

सामान हलवायचा दिवस नवरात्रातला होता. खालच्या दारांना झेंडूची तोरणं होती. टेम्पोबरोबर चार हमाल आले. कपाटं गेली, पुस्तकांची खोकी गेली, सगळ्यात शेवटी शरयू. तिला खुर्चीत बसवून पोटाशी ओढणी बांधली. चौघांनी खुर्ची उचलली. मी पुढे उलटा उतरत होतो, तिच्याकडे तोंड करून. प्रत्येक मजल्यावर तिचे डोळे मोठे होत होते. चौदा महिन्यांनी ती खाली येत होती.

खाली खुर्ची टेकवली. हमाल घाम पुसायला लागले. टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला, "चला, चला. काकींना पुढे बसवा. एक वाजता दुसरी खेप आहे."

शरयूने डावा हात वर केला. आणि तिने पोलक्यातून ते कार्ड काढलं. दोन घड्या घातलेलं, घामाने मऊ झालेलं. माझ्या हातात दिलं. काही बोलली नाही. बोलायचा प्रयत्नही केला नाही.

इतकी वर्षं हे मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या एकादशीला मी तिला 'घ्यायचं का' विचारलं आणि तिचा हात उशीकडे गेला, तो चाचपडत राहिला नव्हता. मिनिटाभरात तिने हे कार्ड काढून माझ्यासमोर धरलं होतं. उंच धरलं होतं. मी ते पाहिलं. फोन हाताच्या अंतरावर होता, सहा-सात मिनिटं शिल्लक होती, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. मला शब्द हवा होता, तिच्या तोंडचा. म्हणजे पुढेमागे त्या घरात ओल निघाली, पाणी आलं नाही, ती न्हाणीघरात घसरली, तर हो कोणी म्हटलं होतं ते ठरलेलं असावं. बोलणं शिकवणाऱ्या मुलीचा नियम मी शरयूसाठी पाळत नव्हतो. तिला झटका आला त्या सकाळी तिच्या हातून कप सुटला, तेव्हाही मी आधी शेजाऱ्यांकडे गेलो होतो, हे काय असेल ते विचारायला.

हे तिला सगळं माहीत होतं. कार्ड परत देताना तिने माझ्याकडे पाहिलं त्यावरून मला ते कळलं.

"काका, उशीर होतोय," ड्रायव्हर म्हणाला.

कुंपणाशी सोसायटीच्या जास्वंदीचं मातीचं आळं होतं. शरयूने तिकडे बोट दाखवलं. मी हमालांना म्हणालो, "खुर्ची तिकडे न्या."

"तिकडे कशाला आता?"

"न्या."

त्यांनी खुर्ची आळ्यापाशी नेली. शरयूने डाव्या पायाची चप्पल स्वतःच काढली आणि पाऊल मातीवर ठेवलं. मग उजव्या पायाकडे पाहिलं. मी खाली बसलो. त्या पायाची चप्पल काढली, पाऊल दोन्ही हातांनी उचललं आणि मातीत ठेवलं. ते माझ्या हातात लाकडासारखं जड होतं.

"काकी, तिकडे गेल्यावर करा काय ते," ड्रायव्हर म्हणाला. त्याने दार उघडून एक पाय आत ठेवला होता. "किती वेळ लागणार आहे काका?"

"ती सांगेल," मी म्हणालो.

"म्हणजे किती?"

"तुम्हाला जायचं असेल तर सामान इथे उतरवा आणि जा. ती सांगेल तेव्हा निघायचं."

माझा आवाज चढला होता. मलाच तो ओळखीचा वाटला नाही. हमाल माझ्याकडे बघायला लागले. ड्रायव्हरने पाय बाहेर घेतला, इंजिन बंद केलं आणि सावलीला जाऊन उभा राहिला.

त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात शरयू पुढे दोन वर्षं होती. या मधल्या काळात ती एकदाही खाली उतरली नाही. मला पुन्हा तळमजला मिळाला नाही. खरं सांगायचं तर तेवढ्या वेगाने धावण्याचं बळच नव्हतं. निकमबाईंचं ते घर वर्षभरात तीनदा विकलं गेलं असं शेडगे मॅडम सांगत होत्या. तिथे राहायला कोणीच आलं नव्हतं.

पण त्या दिवशी शरयू जास्वंदीपाशी बसली होती. ऊन पानांमधून तिच्या पावलांवर पडलं होतं. मी तसाच खाली बसलेलो, तिचं उजवं पाऊल धरून.

"कळतंय का काही?" मी विचारलं.

तिने खूप वेळ विचार केला. मानेची शीर ताठ झाली. या वेळी मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"गार," ती म्हणाली.

आणि थोड्या वेळाने, एका दमात, जराही न अडखळता, "चला."